धूर नसलेला बंब

१२ जानेवारी, रविवार दुपार

आप्पा,

इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, आता माझी मुलगी कॉलेजात जाते. आजही तुमची आठवण दाटून आली म्हणून लिहायला बसलेय असं नाही. आतल्या खोलीत आई झोपली आहे, आणि दर दोन ओळींनी मी उठून तिचा श्वास बघून येते आहे.

पापडी गावातलं घर सोडून या फ्लॅटमध्ये येताना आईने कपाट सोडलं, पलंग सोडला, पण तुम्ही आणलेला तांब्याचा बंब सोडला नाही. भावाच्या वेळी बाळंतपणात गरम पाण्याची गैरसोय नको म्हणून तुम्ही तो स्टेशनपासून खांद्यावर घेऊन चालत आला होतात. इथे गिझर आहे, बटण दाबलं की पाणी मिळतं. पण ती म्हणते, "गिझरचं पाणी म्हणजे शहरातली माणसं. बादलीत पडेपर्यंत गरम." थंडीत तिचे गुडघे धरतात, म्हणून मीही फार ताणलं नाही. बाल्कनीत बंब ठेवून ती नारळाची सोडणं आणि लाकडाच्या ढलप्या घालून तो पेटवायची.

महिन्यापूर्वी वरच्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या राहिल्या. "ताई, हात जोडते. यांच्या पांढऱ्या शर्टांवर रोज काळी रांगोळी. तुम्ही आंघोळीचं पाणी तापवताय की लग्नाचं जेवण करताय?" मी हसले, पण लाज वाटली. त्याच दिवशी लोणारी कोळशाचं पोतं आणलं, बंब बाथरूममध्ये हलवला आणि आईला सांगितलं, आता लाकूड नको, फक्त कोळसा. आणि खिडकीच्या काचा लावून घेत जा, वास वर जातो. कोळशाला धूर नाही, तक्रार नाही, मी खूश. आप्पा, रसायनशास्त्र घेऊन मी बीएस्सी केलं, तुम्हीच फी भरलीत. बंद खोलीत कोळसा जळला की कोणता विषारी वायू साठतो, हे परीक्षेत विचारलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं. मग मला ते ठाऊक नव्हतं, की ठाऊक असूनही शेजाऱ्यांच्या शर्टांपुढे आठवलं नाही? दोन दिवस हेच स्वतःला विचारते आहे.

शुक्रवारी सकाळी बाथरूममधला तांब्या-बादलीचा आवाज थांबला. मी हाक मारते. पुन्हा मारते. दाराची आतली कडी तिच्या वयामुळे आम्ही काढून टाकली आहे. दार ढकलते, तर आई भिंतीला टेकून बसलेली, मान छातीवर, आणि बंबातले निखारे लालबुंद. धूर कसलाच नाही. तिला काखेत हात घालून ओढत बाहेर आणते, बाल्कनीचं दार उघडते, गालांवर थापट्या मारते. किती वेळ गेला, कळत नाही. मग ती ओकते, डोळे उघडते आणि म्हणते, "बाय, माझा गाऊन भिजला."

कोपऱ्यावरचे डॉक्टर घरी आले. "आजी, काय झालं?"

"चक्कर आली, दुसरं काय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. प्रेशर खाली गेलं असणार म्हणून त्यांनी तिची रोजची गोळी अर्धी करायला सांगितली. ते गेल्यावर मी आईला म्हटलं, खरं सांगायला हवं होतं.

"कशाला? काचा कोणी लावायला सांगितल्या, हे विचारतील. तुझा भाऊ फोनवरून तुला फाडून खाईल. चक्कर आली म्हटलं ना, झालं. तू गप राहा."

ती हे पहिल्यांदा करत नाहीये. मी पाचवीत असताना बंबाच्या जोडाचा डाग सुटून तो गळायला लागला होता, आठवतं? कोणीतरी पाणी न घालताच विस्तव टाकला होता. "कोणी पेटवला?" तुम्ही विचारलंत. "मीच. विसरले," आई म्हणाली. "एवढं कळत नाही? आधी पाणी, मग विस्तव!" तुम्ही तिच्यावर ओरडलात आणि रात्रीपर्यंत तिच्याशी बोलला नाहीत. तो मी पेटवला होता, आप्पा. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते, आणि मला हायसं वाटत होतं.

काल आणि आज सकाळी तिची गोळी मीच सुरीने अर्धी केली. आज डोकं जड आहे म्हणते. ते त्या कोळशामुळे, की प्रेशर चढल्यामुळे? मला कळत नाही, आणि डॉक्टरांना तरी कसं कळणार, त्यांना निम्मीच गोष्ट माहीत असताना? मघाशी फोन लावला. रविवारी ते गावी जातात, फोन बंद आहे. चालू असता तर मी काय बोलले असते, याची मला खात्री नाही. संध्याकाळपर्यंत जास्त वाटलं तर हॉस्पिटलात नेईन, पिशवी भरून ठेवली आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, वहीतच राहील, म्हणून एवढं लिहिते. शुक्रवारी आईने डोळे उघडल्यावर मी डॉक्टरांना लगेच फोन केला नाही. आधी बाथरूममध्ये गेले. निखाऱ्यांवर पाणी मारलं, बंब रिकामा करून बाल्कनीत नेला, त्यावर चादर टाकली, फरशीवरची राख पुसली आणि काचा उघडल्या. तोवर आई ओल्या गाऊनमध्ये बाहेर जमिनीवर कुडकुडत होती.

उद्या : नऊला दवाखाना उघडताच आईला घेऊन जायचं. आत गेल्यावर आधी मी बोलायचं.