धोंड्याच्या महिन्यातला हप्ता

१० जून १९५८

आठवा हप्ता गेला! आप्पा सकाळीच टांगा घेऊन दौलतरावांच्या कडब्याच्या वखारीवर गेले आणि मी कंपनीतून येईपर्यंत परत आले होते. "दिले गं," एवढंच म्हणाले. पण पाणी पिताना मिशीत हसले.

अजून सात. जानेवारीत सुटका.

हे ताईच्या लग्नाचं देणं. दोन वर्षं नुसतं व्याज जात होतं, मुद्दल जागच्या जागी. गेल्या दिवाळीत मीच आप्पांच्या मागे लागले – हप्तेबंदी करून घ्या. कागदावर मांडून दिली. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत पंचवीस रुपये, माझ्या पगारातून. गणपती, दिवाळी, आईचं दम्याचं औषध, पाखऱ्या घोड्याचे नाल, चाकाची लोखंडी धाव – सगळं सगळं धरलं होतं. दौलतराव कागद वाचून घेऊन हसले म्हणे. "गेनबा, पोरगी हुशार हाय तुझी. मग माझं बी एक लिव म्हणावं तिला. हप्ता चुकला, की घोडा-टांगा माझा."

आणि मी लिहिलं. आमच्या घरात लिहिता येणारी मी एकटीच. दुसरं कोण लिहिणार?

२२ जून

आप्पांना आज दिवसभरात एकच भाडं. स्टेशन ते गाव. तेही एका ओळखीच्या म्हातारीचं, म्हणून पैसे घेतले नाहीत!

मोशी-चऱ्होलीची माणसं आता एस.टी.नं जातात. आप्पा म्हणतात, "एस.टी.चं काय सांगतीस? ती पंचर हुती. आमचा पाखऱ्या कवा पंचर झालाय का?" आई हसली नाही. मी हसले, कारण कोणीतरी हसायला हवं होतं.

७ जुलै

पगार. पाकिटात दोन रुपये जास्त निघाले. परत नेऊन दिले. कारकुनानं चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच चोरले होते.

अंबुबाई बाटल्या धुण्याच्या खात्यात माझ्या शेजारी उभी असते. ती दिवसभर चिडवत होती – "आगं, देवानं दिलं हुतं, तू हापिसाला वाटलंस!" मी म्हटलं, दुसऱ्याचे होते. ती म्हणाली, "दुसऱ्याचं म्हणजे कुनाचं? नाव लिवलं हुतं का?"

रात्री झोपताना वाटलं, दोन रुपयांत पाखऱ्याचा किती हरभरा आला असता. मग स्वतःचीच लाज वाटली.

१४ जुलै



दुपारी जेवताना अंबुबाई म्हणाली, "येत्या गुरुवारपासनं धोंड्या लागतोय. माझ्या तीन लेकी, तीन जावई. मी तर औंदा आजारीच पडनार हाय बघ!" सगळ्या बाया हसल्या. माझा घास तोंडातच राहिला.

धोंड्याचा महिना! तीन वर्षांनी एकदा येतो. मागच्या खेपेला ताईचं लग्नच झालेलं नव्हतं, म्हणून आमच्या घरात त्याचं काही नव्हतं. आता जावई आहेत. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. जावयाला जेवायला बोलवायचं, तीस आणि तीन अनारसे द्यायचे, आणि ते द्यायला ताट. पहिल्या खेपेला चांदीचंच म्हणतात. वर कपडे.

मी गणपती धरला. धाव धरली. आईचं औषध धरलं. पंचांगातला आख्खा महिना कसा विसरले? भिंतीवर दिनदर्शिका आहे, तिच्यात छापलेलंही आहे. मी फक्त तारखा बघत होते.

१८ जुलै

आईनं अनारशाचे तांदूळ भिजत घातले. मला विचारलं नाही. 

२७ जुलै

आई चाकणला ताईच्या सासरी आवतण द्यायला जाऊन आली. येत्याच्या पुढच्या रविवारी, दहा ऑगस्टला, दाजी आणि ताई येणार.

आई आल्यापासून चुलीपुढे बसून आहे. विचारलं तेव्हा थोडं थोडं सांगितलं. ताईची सासू, रुक्मिणीबाई, ओसरीवर चार बायकांत म्हणाली – "बघू या की, टांगेवाल्याची ऐपत. ताट हातात न्हाई आलं, तर सुनंला तिथंच ठिवून घ्या म्हनावं. आमाला जड झालीया." आणि ताई आतून ताक घेऊन आली, तिनं ते ऐकलं, आणि ताक वाढून परत आत गेली.

"वाळलीया गं," आई म्हणाली. "मनगटातल्या बांगड्या कोपरापातूर जात्यात."

दहा ऑगस्ट! तीच तारीख. मी आईला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "मग काय, म्हयन्यातनं दुसरा रविवार शिलक हाय कुठं? येत्या रविवारी त्यास्नी जमत न्हाई, नि दहा तारखेच्या पुढल्या शुक्रवारी धोंड्या सरतोय."

२ ऑगस्ट

आज एक गोष्ट केली. घरी सांगितली नाही.

कंपनीतून येताना वाट वाकडी करून वखारीवर गेले. दौलतराव कडब्याच्या पेंढ्या मोजून घेत होते. मला पाहून हमालाला म्हणाले, "थांब रं जरा. गेनबाची मास्तरीण आली." बसायला पोतं टाकलं. गूळ-शेंगदाणे पुढे केले. मी सगळं सांगितलं – धोंड्या, ताट, ताईची सासू. म्हटलं, या महिन्याचा हप्ता पुढल्या महिन्यात दुप्पट देते.

त्यांनी हातातली पेंढी ढिगावर ठेवली. मग म्हणाले, "पोरी, मला काय घोड्याचं वाळवान घालायचंय? तुझ्या बापानं येऊन यवडंच म्हनावं – दौलतराव, म्हयनाभर थांबा. थांबतो. पर यवहार त्याचा नि माझा हाय. तू आलीस आनि मी हो म्हनलो, तर उद्या गाव म्हनंल गेनबानं पोरीला म्होरं केली. त्याला चालंल व्हय?"

 मी उठताना ते म्हणाले, "कागद तर तुझाच हाय की. मी तर नुसता घोडा मागितला. तारीख तू घातलीस."

रागानं नाही म्हणाले. राग असता तर बरं वाटलं असतं.

४ ऑगस्ट

आप्पांपुढे विषय काढला. वखारीवर गेले होते हे सोडून बाकी सगळं. "दौलतरावांना महिनाभर मागा ना आप्पा. देतील ते."

आप्पा पाखऱ्याला खरारा करत होते. हात थांबला नाही. "मागून न्हाई घ्यायाचं. शबुद दिलाय."

"पण नुसतं एक वाक्य –"

"एक वाक्य तुला वाटतं. शिकलेल्यांची वाक्यं लई असत्यात. माझ्याकडं थोडीच हायत."

७ ऑगस्ट

पगार आणून आईपुढे ठेवला. तिनं हात लावला नाही.

आप्पा दारात पाठमोरे बसले होते. आई म्हणाली, "तू कमावतीस. शिकलेली बी तूच. तू सांग, हप्ता का ताट?"

असं कोणी विचारतं का? लहानपणापासून या घरात मला विचारून फक्त पत्राचा मजकूर ठरलाय. आणि आता हे! हप्ता म्हटलं तर ताई त्या ओसरीवर. ताट म्हटलं तर आप्पांच्या हातून लगाम. मी आप्पांकडे पाहिलं, त्यांनी वळून बघावं म्हणून. वळले नाहीत. त्यांची मान मागून किती म्हातारी दिसते.

दोन्ही व्हावं असं काही आहे का, म्हणून मनात परत परत मांडत बसले. वाण्याची उधारी थांबवली तर? ती आधीच थांबलेली. कंपनीतून उचल? ती गेल्या चैत्रात आईच्या औषधाला घेतलेली, अजून कापून जातेय. काहीच नाही.

 नोटा आईच्या पदरात टाकल्या आणि पाणी आणायला गेले. हौदावर हंडा भरून वाहत होता तरी तिथेच उभी होते.

८ ऑगस्ट

आप्पा पुण्याला जाऊन ताट घेऊन आले. लहान आहे. पण चांदीचं. आईनं तीनदा पुसलं.

मला तिनं देवापुढे शपथ घातली, ताईला यातलं एक अक्षर कळता कामा नये.

१० ऑगस्ट

दाजी आले, ताई आली. मालोजीदाजींनी नवी टोपी घातली होती. चाकणच्या बाजारात कांद्याची दलाली करतात, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी वजन बघतात. ताट हातात घेऊन दोनदा वरखाली केलं. "मामा, ह्याला ताट म्हनायचं का ताटली?" शेजारचे जमले होते, ते हसले. आप्पाही हसले! म्हणाले, "म्हागाई लई झालीया जावईबापू, चांदी बी वाळलीया." परत हशा.

ताईनं मान वर केली नाही. अनारशाला हातसुद्धा लावला नाही. चुलीपाशी आली तेव्हा हळूच म्हणाली, "शकू, पैसं कुठनं आणलं?"

"साठवले होते."

"तू खोटं बोलतीस तवा नाक पुसतीस."

मी नाकावरून पदर काढला. ती थोडीशी हसली. मग आईनं हाक मारली.

संध्याकाळी आप्पांनी टांगा जुंपला. दाजी आणि ताईला मोशीपर्यंत सोडायचं, तिथून चाकणची एस.टी. पाखऱ्याच्या कपाळाला आप्पांनी गोंडा बांधला. दाजी म्हणाले, "वा! जावयाचा थाट हाय म्हनायचा!" आप्पा म्हणाले, "व्हय तर. बसा."

दिवे लागून बराच वेळ झाला तरी आप्पा आले नाहीत. आई आणि मी दारात. मग ते दिसले. रस्त्यानं चालत. हातात नुसता चाबूक.

जावयाला सोडून तसेच वखारीवर गेले होते. कोणी मागायला येण्याच्या आत स्वतःच घोडा बांधून आले. दौलतराव म्हणाले होते म्हणे, "आरं येडा का खुळा तू, एक शबुद बोल की." आप्पा म्हणाले, "बोललोय की दिवाळीत." आणि निघाले.

११ ऑगस्ट

दौलतरावांनी हिशेब सांगून पाठवला. घोडा उतारवयाचा, टांग्याचं एक चाक बदलायला आलेलं. सगळं वजा जाऊनही बाकी राहते. हप्ता पंधराचा करू म्हणाले, पाच महिने. वाईट माणूस नाही. कोणीच वाईट नाही यात. मग हे झालं कसं?

१४ ऑगस्ट

सकाळी उठले तर बादलीत हरभरे भिजलेले. आईनं सवयीनं घातले. तिघंही त्या बादलीकडे बघत राहिलो.

उसळ केली. आप्पांनी दोनदा घेतली. म्हणाले, "गडी उगंच बादलीला हिसका देत नव्हता. चव हाय."

२१ ऑगस्ट

पंचमी झाली. ताईला पाठवली नाही. निरोप आला – शेतात कामं आहेत. निरोप घेऊन आलेल्या माणसानं आईला बाजूला घेऊन सांगितलं, रुक्मिणीबाई ताट आल्या-गेल्याला दाखवते आणि म्हणते, "ह्यात बाळाचा दुधभात मावंल."

म्हणजे ताटानंही झालं नाही! मी मनात शंभरदा मांडलं होतं – घोडा गेला, पण निदान ताई. निदान ताई.

आप्पा स्टेशनवर जातात. रोज. टांगेवाल्यांच्यात बसून येतात. काल एका उतारूची ट्रंक डोक्यावर घेऊन गावापर्यंत चालत आले. चार आणे मिळाले. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "हप्त्यात धर."

३० ऑगस्ट

दौलतरावांनी पाखऱ्या विकला. चाकणकडच्या कोणाला तरी. आप्पांना स्टेशनवर कळलं. घरी येऊन सांगितलं आणि विचारलं, "तिकडं पानी कसं हाय गं?" मी म्हटलं, चांगलं आहे. मला काय माहीत? पण नाक पुसलं नाही.

माझ्या हातात आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. नवा कागद मांडायला बसले, पंधरा रुपये, पाच महिने. पुढे लिहायला काही सुचेना. जे धरीन ते सोडून भलतंच येणार.

४ सप्टेंबर

पहिल्या एस.टी.नं ताई आली. एकटी. लग्नात दिलेली ट्रंक स्वतःच उचलून.

बाजारात तिनं पाखऱ्याला पाहिलं, कांद्याच्या गोण्यांच्या गाडीला जुंपलेला. घरी जाऊन दाजींना म्हणाली, आमचा घोडा. ते म्हणाले, "तुज्या बापानं कधीच घालवलाय. सौदा म्याच जुळवला, दलाली बी घेतली."

आई सारखी विचारत होती, "किती दिसांसाठी आलीस? त्यांना सांगून आलीस ना?"  माझा डबा भरलेला होता. ताईनं तो उघडला, त्यात आणखी एक भाकरी घातली, झाकण लावलं.

"चल शकू. तुमच्या कंपनीत बाया घेत्यात का बघू."