अकरापर्यंत मोजलेला श्वास

मंगळवार, संध्याकाळ. दिग्रस.

यवतमाळच्या डॉक्टरांना आज मी तो दिवाळीतला व्हिडिओ दाखवला. हे कापसाच्या जिनिंगवरून येऊन दिवाणावर घोरताहेत, मध्येच घोरणं बंद पडतं, आणि त्या शांततेत मी मोठमोठ्याने आकडे मोजतेय. अकराला हे दचकून श्वास घेतात. सगळे हसतात.

डॉक्टर हसले नाहीत. "इथं श्वासच बंद आहे. रोज असं होत असेल तर बीपी वाढतं, लकव्याचा धोका वाढतो. झोपेची तपासणी करू."

गेल्या महिन्यात यांचा उजवा हात लुळा पडला, तो यामुळेच का? नक्की सांगता येत नाही म्हणाले. मला मात्र तो अकरा आकडा सोडत नाही. घोरतात म्हणजे गाढ झोपतात, असं मीच साऱ्यांना सांगायची. कसलं गाढ.

घरी आल्यावर हे आडवे झाले. चिमटीत कापूस ओढून धाग्याची लांबी सांगणारा तो हात उशीवर नुसता पडलेला. घोरणं सुरू झालं, आणि थांबलं. मी मनात मोजायला लागले. चाराच्या पुढे धीर झाला नाही, गदागदा हलवलं.

"काहून उठोलं वं?"

"चहा थंडा होऊन राह्यला," मी म्हटलं.

चहा मांडलाच नव्हता.