आधी माझ्याशी भांड

दादा, भांडखोरा,

आज पहाटे पुन्हा आलास आणि माझ्या मिसळीवरचा पापड पळवलास. तुला जाऊन दोन वर्षं झाली, तरी स्वप्नात येऊन पापडासाठी हमरीतुमरीवर येतोस? लाज कशी वाटत नाही? पण या भांडणाचा अर्थ आज मला कळला, आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? म्हणून लिहायला बसलो.

अर्थ सांगणारे पुष्कळ भेटले. आई म्हणाली, त्याची इच्छा राहिलीय. पितृपक्षात तिने तुझ्या घासावर भाजलेला पापड ठेवला. कावळ्याने खीर, वडे सोडून आधी पापडच उचलला! आई रडता रडता हसली. वाटलं, आता तरी थांबशील. कसलं काय, पुढच्याच आठवड्यात हजर. मोबाइलवर शोधलं, तर म्हणे मनात भावाबद्दल असूया आहे. कशाची? तुझ्या त्या चिकटवलेल्या चपलांची?

काल सायलीचा फोन आला. तीच, जिच्यामुळे मी शर्टाला इस्त्री करायला लागलो आणि तू मला पिडलंस. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. त्याआधी येऊन बाबांशी बोल म्हणाली, आणि चिडलास तर संपलं सगळं. तिचा आवाज असा झाला होता की मी तेव्हाच गाडी काढणार होतो. पण मी, आणि डोकं थंड?

मग पहाटे तू आलास. इतके भांडलो की जागा झालो तेव्हा घसा कोरडा आणि अंगातला जोर गेलेला. तसाच चांदवडला तिच्या घरी पोचलो.

तिचे बाबा खळ्यात कांदे निवडत होते. वर न बघताच म्हणाले, "कॉलेज सोडलं म्हणे. अन् लय तापट हाय म्हणे तू."

एरवी मी उठूनच गेलो असतो. आज म्हणालो, "हो काका. पण आजचं चिडून झालंय. सकाळीच, भावाशी."

"मग भावाला का नाय आणलं?"

सांगितलं. हातातला कांदा त्यांनी खाली ठेवला. मग रिकामं पोतं माझ्याकडे सरकवलं. "बस."

त्या पोत्यावर बसलो आणि लख्ख आठवलं. मी तावातावाने कुणाशी भांडायला निघालो की तू दारात आडवा यायचास. माझा टॉवेल कुठंय, पंखा का चालू ठेवला! माझा सगळा राग तुझ्यावरच संपायचा आणि गेटपर्यंत मी थंड व्हायचो. मुद्दाम करायचास ना रे? मग सांगून जायचं ना! तू गेल्यावर महिन्याभरात सरांशी वाजलं आणि मी कॉलेजातून कायमचा बाहेर पडलो. त्या सकाळी दारात कुणीच आडवं आलं नव्हतं.

काका म्हणाले, "पाव्हण्यांना थांबवतो. तू कॉलेज पुरं कर, मग ये." दाराआड सायली ओढणीत तोंड लपवून हसत होती. मी दुपारपर्यंत कांदे निवडले. डोळ्यांत पाणी कांदा कापताना येतं, निवडताना नाही. माझ्या आलं.

आता सरांची माफी मागायला जायचंय. त्या पहाटे नक्की ये. वचन देतो, पापड सुखासुखी सोडणार नाही.

तुझाच तापट धाकटा,
बंटी