शशीच्या शेवंतीले कळी नाही

६ जुलै
सगळ्यात आधी फाटकातून शशीच घुसली, माही धाकटी जाऊ, कन्हानची. मागून तिची सून सविता, हातात दवाखान्याची फाईल. धंतोलीतल्या डॉक्टरचा नंबर दुपारचा, तोवर आमच्याकडे जेवण. सविताले पोरबाळ नाही, हे शशी फाटकातूनच ओरडून सांगते. शेजारणींचं पाठ झालं.
माही शेवंती पाहून थबकली. "बाई, एवढी गोल गरगरीत कशी वं? तुमच्या हातची तर मेथी बी उगवत नाही." तोंड पहा! नात तर झाडाले आजीचा लाडू म्हणते. सांगितलं, शेंडे खुडत राहायचे, मग उंच न होता पसरते. "कुठलोक खुडायचं?" पोळा झाला की थांबायचं, हे मले मालूम. म्हटलं, फुलं येईपर्यंत.
दोन रोपं दिले. भांडे घासता घासता हसू आवरे ना.

२४ ऑगस्ट
पोळा झाला. माहं खुडणं बंद. वड्यांचं बेसन संपलं, आणायचं. कन्हानले खुडून राहिले असतील!

१४ ऑक्टोबर
सविताचा फोन. झाड तीच सांभाळते म्हणे, सासूबाईंनी तिच्यावरच सोपवलं. "मोठ्या आई, शेंड्याले हिरवे मणी आले, ते बी खुडू?" मणी कुठले, कळ्याच त्या. "खूड वं, बिनधास्त!"

२१ नोव्हेंबर
माही शेवंती पिवळीधमक, पान दिसत नाही. दवाखान्यातून सविताले घेऊन आलेली शशी पाहतच राहिली. काय मजा आली! चहात साखर जास्तच टाकली मी.
मग ती सविताकडे वळली. "पाय, ह्याले म्हणतात हात. तुया हात लागला का झाड बी वांझ."
मी हसली. हसून झाल्यावर पाहिलं, सविता आपली नखं पाहून राहिली. हिरवी, खुडून खुडून.
शशी म्हणे, रिपोट चांगला नाही आला तर मौद्याले माहेरी पोहचवून देतो, भावाले सांगून ठेवलं. झाडाचा निकाल तर पाहूनच घेतला म्हणे.
निघताना सविता हळूच, "मोठ्या आई, तुम्ही बी फुलं येईपर्यंत खुडलं ना?"
"हो तर."

२४ नोव्हेंबर
कैची घेऊन झाडापाशी बसली. सारी फुलं काढली तर शशीले पाहायलेच काही राहत नाही. नात ओरडली, "आजी, लाडू नको कापू!" नाही कापला.
खरं सांगितलं तर शशी साऱ्या कन्हानभर माहं नाव खराब करीन. तरी सविताले फोन लावला. शशीनंच उचलला. आवळ्याचं लोणचं कसं घालते, ते विचारून ठेवून दिला.
रिपोट घेऊन बुधवारी येतो म्हणाल्या. दोघी.