यातलं आपलं कुठलं

खोडाळा, २ एप्रिल

ती. पुष्पाताईस,
सोम्याचा सा. न. वि. वि. त्यातले दोन वि कशाला असतात ते मला म्हाईत नाय, पण मास्तर छडी मारून लिवायला लावायचे म्हणून घातले. परीक्षेपायी होस्टेलच्या बाईंनी तुझा मोबाइल कपाटात टाकला, म्हणून तुषारच्या जीपमधून हा कागद. वाच आणि फाड.

बोहाड्याची सोंगं मंगळवारी संपतायत. उजाडल्यावर शेवटचं देवीचं सोंग निघणार, अनंताकाकाच घालणार. मुखवट्याच्या भोकांतून त्याला धड दिसत नाय, बाबांच्या पिपाणीवरच तो पाय टाकतो. चालीत मुरड आली की वळायचं, मग देवळाची पायरी. मागल्या साली मुरडीत कव्वाली घुसली आणि काका पायरीवर आपटला, गुडघा फुटला. पंच बोल्लेत, यंदा चुकलं तर मोखाड्याचा वाजंत्री आणू. म्हंजे आपल्या घराचा मान गेला.

आता खरी गोष्ट. बाबा मुरड विसरलेत. बाबांच्या मेमरी कार्डात जेवढी गाणी, तेवढी आपल्या कणगीत नागली नाय. काल नाल्यावर एकटेच फुंकत व्हते. मी झाडामागून घाबरवायला गेलो, तर मीच घाबरलो. मुरड आली की एकदा कव्वाली, एकदा वीटभट्टीवरच्या बिहारी बाईचं गाणं, एकदा तो आफ्रिकेतला म्हातारा लाकडाच्या पट्ट्या बडवतो ते. मला बघितलं आणि विचारलं, यातलं आपलं कुठलं.

मोबाइलातली मागली शूटिंगं बघितली. सगळ्यांत मुरडीवर शेजारचा रघ्या शिट्ट्या मारतोय, पिपाणी ऐकूच येत नाय. तू जव्हारातच आहेस, तर धोंडीआत्याकडं जा. ती आजाच्या पिपाणीवर वाढली. मुरड विचार आणि कशी पण लिवून पाठव.

लोभ ठेव, नसेल तर उसना आण.
सोम्या


जव्हार, ४ एप्रिल

चि. सोम्यास,
अनेक आशीर्वाद, घेण्याच्या लायकीचा असशील तर. मी ठीक आहे, पेपर सोमवारपासून.

आत्याकडे जाऊन आले. चाल तिने अगदी छान गुणगुणली. मुरड जवळ आली की थांबायची. तीनदा तसंच झालं. शेवटी म्हणाली, ओठावर आहे पण येत नाही, आणि आजाच्या आठवणीने रडायला लागली. मी चहा केला आणि निघाले.

आता मी विचारते. बाबा घरी काहीही ऐकतात, पण देवीपुढे चाळीस वर्षांत कधी मिसळ झाली नव्हती. मागच्या वर्षीच कशी झाली? संबळ तुझ्या गळ्यात होता. खरं लिही. आईच्या पाठदुखीचंही कळव.

माया आहेच, पण उत्तर आल्यावर.
तुझी पुष्पाताई


खोडाळा, ५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. तुला नर्स कोण करतंय, तू पोलिसात जा.

मुरडीवर मीच ठेका बदलून कव्वालीचा धरला. काय कारण नाय, नुसती गंमत. बाबा काय करतात ते बघायचं व्हतं. त्यांचा श्वास माझ्या हातामागं गेला आणि काका आपटला. पंचांपुढं बाबा बोल्ले, चूक माझी. मला त्याबद्दल आजवर एक शब्द नाय. तवापासून मुरडीवर आले की ते अडकतात. आईची पाठ बरी, मी दिसलो की दुखते.

अनंताकाकाला सांगू का? मारेल गं.

राग धर, पण थोडाच.
सोम्या


जव्हार, ६ एप्रिल

चि. सोम्यास,
आशीर्वाद. हे पत्र पोचेल त्याच पावली जा आणि सांग. पुन्हा पडला तर त्याचा पाय कायमचा जाईल. मार बसला तर पट्टी बांधायला मी शिकलेय.

तुझ्यावर जीव आहे म्हणून सांगतेय.
पुष्पा


खोडाळा, ८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

काल काकाकडं गेलो. तो गुडघ्याला तेल चोळत व्हता. सगळं सांगितलं. शिवी नाय, मार नाय. बोल्ला, ठेका सरळ धर, आता निघ. मार बरा असता.

आज उन्हं आली तशी देवी निघाली. देवळापर्यंत चाल बरोबर. मुरड आली आणि पिपाणी बंद. माझा संबळ एकटाच. काकाचा एक पाय वर, पुढं पायरी. मी हात थांबवला असता तर तो तिथंच कोसळला असता. बाबांचे डोळे नुसते माझ्यावर.

मग मुखवट्याच्या आतून बारीक आवाज आला. सोंग घातल्यावर तोंडातून काय काढायचं नसतं, तुला म्हाईत आहे. काका मुरड गुणगुणत व्हता. आख्खी. तीस वर्षं ती त्याच्या पायांत, आणि आपण लाजेपायी त्याला सोडून जव्हारपर्यंत शोधली! बाबांनी ती तशीच उचलली. काका वळला, पायरी चढला.

पंचांना वाटलं, बाबांनी दम घेतला. पुढल्या साली पण तुम्हीच या, बोल्ले. मुखवटा उतरल्यावर काका तांब्याभर पाणी प्याला आणि गुडघा चोळत घरी गेला.

घरी येऊन बाबांनी मुरड वीसदा वाजवली. मग पिपाणी धोतरानं पुसून माझ्यापुढं धरली. बोल्ले, मी परत विसरायच्या आत घे. मी फुंकली, नुसती हवा. बाबा बोल्ले, परत.

ओठ सुजलेत, बोलता येत नाय, म्हणून एवढं लिवलं. आठवण काढत जा.
सोम्या