एका तंबूत मावणारी माणसे

श्री
शुक्रवार पेठ, सोलापूर
कार्तिक वद्य ५, शके १८४५

तीर्थस्वरूप दादांस, धाकट्या अनसूयेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आम्ही सर्व खुशाल आहोत. हे आज सकाळपर्यंतचे समजावे. परवा मागच्या बोळात उंदीर मरून पडला, काल आडाजवळ पडला. प्लेग पेठेत आला यात आता कोणाला शंका नाही. अर्धी पेठ रिकामी झाली. लोकांनी तट्टे, पत्रे, जुनी लुगडी, जे मिळेल त्याच्या झोपड्या अक्कलकोट रस्त्याच्या माळावर घातल्या आणि राहायला गेले. आम्ही गेलो नाही, कारण आम्ही तंबू निवडत आहोत.

इकडचे म्हणणे असे, की झोपडी अंदाजाने बांधतात आणि तंबू हिशेबाने शिवतात. जो शाळेत भूमिती शिकवतो त्याने अंदाजात राहू नये. म्हणून तंबू पाहणे चालू आहे. मांडववाल्याची कनात पाहिली, तिला छप्पर नाही. बंद पडलेल्या सर्कशीचा एक तुकडा पाहिला, त्याला छप्परच आहे, भिंती नाहीत, आणि हत्तीचा वास आहे. मग जाड चादरी जोडून शिवाव्यात असा विचार झाला. नमुन्याची चादर स्वयंपाकघरात दोरीवर ताणून तिच्यावर बादलीभर पाणी ओतणे झाले. चादरीने पाणी अडवले नाही. चूल विझली. त्या दिवशी आम्ही पोहे खाल्ले.

दुसरी अडचण सासूबाईंची. तुम्हाला माहीत आहे, घराच्या पुढच्या भागात थोरले भाऊजी वेणीमाधव आणि जाऊबाई मालतीताई राहतात, मागच्या भागात आम्ही. तीन वर्षांपूर्वी भाऊजींनी वाचनालयात ग्रहणावर व्याख्यान दिले, तेव्हा इकडून भर सभेत उभे राहून सांगणे झाले होते की वक्त्याने चंद्र चुकीच्या बाजूला ठेवला आहे. तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नाहीत. काही सांगायचे असले तर सासूबाईंना मध्ये बसवून सांगतात. मी आणि मालतीताई मागल्या भिंतीवरून भाजीची वाटी देतो-घेतो, तेवढेच. आता सासूबाई म्हणतात, दोन्ही मुलगे एका छपराखाली येणार असतील तर मी घर सोडीन, नाही तर उंदरांबरोबर राहीन. उंदीर निदान एकमेकांशी बोलतात. त्या हलत नाहीत म्हणून भाऊजी हलत नाहीत, आणि भाऊजी हलले नाहीत तर आपण आधी पळालो असे दिसेल म्हणून इकडूनही हलणे होत नाही.

माढ्याच्या कचेरीत साहेबांच्या दौऱ्याचे जुने तंबू पडून असतात असे तुम्ही म्हणाला होता. त्यातला एखादा मिळेल का? मुलांना टोचून आणले आहे. बाळीचा दंड सुजला आहे आणि ती तो सगळ्यांना दाखवत फिरते. वहिनींना नमस्कार. माया आहे ती ठेवावी, आणि उत्तर लवकर यावे.

आपली
अनसूया

श्री
माढा
कार्तिक वद्य ८

चि. सौ. अनसूयेस एकनाथाचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र वाचून तुझी वहिनी हसली आणि मग देवाजवळ दिवा लावून आली. मी कोठीत जाऊन पाहिले. दोन तंबू निकालात निघाले आहेत आणि साहेबांनी ते मला नेऊ देण्यास हरकत नाही असे म्हटले. एक लहान राहुटी आहे. कापड खणखणीत, एकच खांब, पाच माणसे दाटीवाटीने निजतील. दुसरा दुहेरी कापडाचा मोठा तंबू, दोन खांबांचा. त्यात एका वेळी साहेब, मडमसाहेब, त्यांचे जेवणाचे टेबल आणि कुत्री राहत असत. एका बाजूला कसर लागली आहे, पण एका बाजूलाच.

तेव्हा चिंतामणरावांना विचार, की कुटुंब म्हणजे किती माणसे धरायची. ते सांगतील तो पाठवतो. पण बाई, तंबू येईपर्यंत घरात थांबू नका. निवडलेल्या तंबूत मरण्यापेक्षा न निवडलेल्या झोपडीत जगावे. हे त्यांना माझ्या शब्दांत सांगू नकोस, तुझ्या शब्दांत सांग. मुलांच्या गालाला हात लावून माझा आशीर्वाद पोचव.

तुझा
दादा

श्री
सोलापूर
कार्तिक वद्य ११

रा. रा. एकनाथराव यांसी, चिंतामणीचे कृतानेक सा. न. वि. वि. आपण तंबूबाबत घेतलेल्या श्रमांबद्दल आभारी आहे. दोन्हींचे वर्णन वाचले, आकृत्या काढून पाहिल्या, आणि लहान राहुटी घ्यावी असे ठरवले आहे. तिचा उतार अधिक असल्याने पाणी थांबणार नाही. एकच खांब असल्याने ती मी एकटा उभारू शकेन, कोणाची मनधरणी करावी लागणार नाही. माझे कुटुंब पाच माणसांचे आहे: मी, सौ., दोन मुले आणि मातोश्री.

मातोश्रींना हा आकडा मान्य नाही. त्यांचे म्हणणे, शाळामास्तराने वजाबाकी इतकी सहज करू नये. मी त्यांना समजावले की वडील बंधूंना मी तंबूत येण्यास मनाई केलेली नाही. त्यांनी मला विचारलेले नाही, एवढेच. यावर मातोश्रींनी घराच्या पुढच्या भागाकडे तोंड करून तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हटले. तिकडून नुसते खाकरणे ऐकू आले.

जागेचा प्रश्न सुटला आहे. अक्कलकोट रस्त्यावर शिवप्पा म्हणून ओळखीचे शेतकरी आहेत, त्यांनी खळ्याजवळची पडीक जमीन देऊ केली आहे. जमिनीचा उतार मी पाहून आलो. वाऱ्याची दिशा सकाळ-संध्याकाळ वेगळी आहे, त्यामुळे दाराचे तोंड कोठे करावे हे अद्याप नक्की होत नाही. त्याचा विचार चालू आहे. स्नेहात खंड नसावा.

आपला
चिंतामणी

ता. क. पत्र बंद करताना आमच्या स्वयंपाकघरात उंदीर पडला. दाराचे तोंड कोठेही चालेल. राहुटी कृपा करून ताबडतोब पाठवावी.

श्री
माढा
कार्तिक वद्य १३

चि. सौ. अनसूयेस आशीर्वाद. कचेरीतला निंगप्पा शिपाई या पत्राबरोबर तंबू घेऊन आजच्या गाडीने निघत आहे. तंबू मोठा आहे. चिंतामणरावांना सांग की लहान राहुटी ऐन वेळी उघडली तेव्हा ती वाळवीने पार खाल्लेली निघाली. ते विचारतील वाळवी कापडाला कशी लागली, तर दादाला शास्त्रातले कळत नाही असे सांग. राहुटीला काहीएक झालेले नाही. पण तुझ्या सासूबाईंना मी लग्नात पाहिले आहे. त्या म्हणाल्या तर त्या उंदरांबरोबर राहतील.

आज निघा. उद्याचे मला लिहू नकोस.

दादा

श्री
शिवप्पांचे शेत, अक्कलकोट रस्ता
मार्गशीर्ष शुद्ध ४

तीर्थस्वरूप दादांस, अनसूयेचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही माळावर आलो. सर्व आलो. तंबू एवढा थोरला आहे की सासूबाईंनी तो गाडीवर पाहिला आणि देव टोपलीत घालायला घेतले. भाऊजींनी सासूबाईंमार्फत कळवले की आई जाते आहे म्हणून आपण जात आहोत. इकडून सासूबाईंमार्फत कळवणे झाले की जागा भरपूर आहे.

वाळवीबद्दल विचारणे झाले नाही. नुसते "अस्सं" म्हणणे झाले.

तंबू उभारण्याची हकिगत लिहिते. दोन टोकांना दोन खांब, वर आडवा वासा, आणि दोन्ही खांब एकाच वेळी उचलावे लागतात. एका खांबाला इकडची स्वारी, दुसऱ्याला भाऊजी, दोरांना शिवप्पा आणि तुमचा निंगप्पा. मधोमध ट्रंकेवर सासूबाई. इकडून त्यांना सांगणे होई की त्याला म्हणावे आता उचल. सासूबाई ते भाऊजींना सांगत. भाऊजी उचलत, तोवर इकडचा खांब खाली आलेला असे. मग भाऊजी सासूबाईंना सांगत की याला म्हणावे घाई करू नये. असे बराच वेळ चालले. शेजारच्या झोपड्यांतली माणसे कामे टाकून पाहायला आली. शिवप्पा म्हणाला, लई मोटं हाय की मास्तर, कुनाचं लगीन हाय का?

शेवटी दोन्ही खांब वर गेले आणि वारा आला. सगळा तंबू सासूबाईंच्या बाजूला कलला. भाऊजी ओरडले, चिंत्या, आईकडे बघ! इकडून ओरडणे झाले, दादा, दोर सोडू नकोस! शिवप्पाने सासूबाईंना ट्रंकेसकट मागे ओढले. तंबू सावरला आणि सरळ उभा राहिला. दोघे भाऊ आपापल्या खांबाला धरून तसेच उभे, दोघांचे चेहरे चोरी पकडली गेल्यासारखे. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. त्या एवढेच म्हणाल्या की त्या बाजूचा दोर ढिला आहे.

आता दोघे बोलतात. फार नाही. मीठ दे, कंदील घे, इतपत. मालतीताई आणि मी मात्र तीन वर्षांचे बोलून घेतो आहोत. भाकरी थापायला आम्ही समोरासमोर बसतो आणि भाकरी करपते. तुमच्या थापेला माझा वेगळा नमस्कार. वहिनींचा आशीर्वाद असू द्यावा.

अनसूया

श्री
माळावरून
मार्गशीर्ष शुद्ध ९

दादा, मालतीताईंना काल थंडी वाजून ताप भरला. आज जांघेत गाठ आली आहे. डॉक्टर येऊन गेले. ते म्हणाले, गाडीत घालून दवाखान्यात हलवण्यासारखी स्थिती नाही, पण या तंबूत एक क्षण ठेवू नका. शेजारचे लोक जमून आले होते, तुम्ही इथून उठा म्हणाले. शिवप्पा त्यांना म्हणाला, जमीन माजी हाय, कुनी उटायचं न्हाय. बाईला त्या बाभळीखाली न्या, तितं पानी जवळ हाय, आनि मानसांपासून लांब हाय. आता तिथे चार तट्टे लावून त्यांना निजवले आहे. भाऊजी त्यांच्याजवळ बसले आहेत. मी जाते म्हटले तर भाऊजींनी लांबूनच हात जोडले, तुझी मुले लहान आहेत म्हणाले. सासूबाई आजवर टोचून घ्यायला तयार नव्हत्या. आज डॉक्टरांसमोर त्यांनी आपणहून दंड पुढे केला.

रात्री दव फार पडते. तट्ट्यांतून वारा येतो. इकडून दुपारी मला विचारणे झाले की तुझ्या दादांच्या त्या राहुटीला वाळवीने खरोखर किती खाल्ले आहे. मी खरे सांगितले. मग म्हणणे झाले, तर मग लिही, माझ्यासाठी नव्हे, माझ्या दादासाठी हवी आहे.

अनसूया

श्री
माढा
मार्गशीर्ष शुद्ध १०

चि. सौ. अनसूयेस आशीर्वाद. राहुटी निंगप्पाबरोबर धाडली आहे, परतल्यावर तो काही दिवस गावाबाहेर राहील. सोबत तुझ्या वहिनीने दोन घोंगड्या आणि लिंबे बांधून दिली आहेत. मी येणार होतो, पण तिकडे जाऊन आलेल्या माणसाला आता परत गावात घेत नाहीत, आणि इथेही म्हातारी माणसे आहेत. रोज दोन ओळी टाक. काही लिहिण्यासारखे नसेल तर कोरे कार्ड टाक, म्हणजे तू आहेस एवढे कळेल.

दादा

श्री
शिवप्पांचे शेत
मार्गशीर्ष वद्य १२

तीर्थस्वरूप दादांस, अनसूयेचा शिरसाष्टांग नमस्कार. माझी कार्डे पोचली असतील. त्यांत जे लिहिता आले नाही ते आज लिहिते, कारण आज लिहायला भीती वाटत नाही.

राहुटी इकडून एकट्यानेच उभारणे झाले. दाराचे तोंड कोठे करावे याचा क्षणभरही विचार झाला नाही. बाभळीच्या सावलीकडे केले. मग भाऊजींनी मालतीताईंना उचलून आत नेले, आणि त्या दिवसापासून दोन्ही तंबूंच्या मध्ये ते अख्खे शेत. मधल्या दगडावर आम्ही डबा ठेवायचा, आम्ही मागे फिरलो की भाऊजींनी येऊन न्यायचा.

डबा ठेवून इकडून मागे फिरणे होईना. दगडापासून थोडे अलीकडे उभे राहून हाक मारणे होई. भाऊजी राहुटीच्या दारात येत. मधे अंतर फार, म्हणून दोघांनाही ओरडून बोलावे लागे, आणि सगळा माळ ऐके. ताप किती? कालच्याएवढाच. ताक घेतले का? दोन घोट. तू जेवलास का? जेवलो. खोटे बोलू नकोस दादा, डबा भरलेला परत आला आहे. मग भाऊजी खाली मान घालून उभे राहत. शेजारच्या झोपड्यांतली जी माणसे आम्हाला उठवायला आली होती, ती संध्याकाळी दारात येऊन बसत आणि आज काय म्हणाले ते एकमेकांना सांगत.

एका संध्याकाळी हाकेला ओ आली नाही. इकडून पुन्हा हाक मारणे झाले, पुन्हा झाले. मग दगड ओलांडून चालायला सुरुवात झाली. मी थांबवले नाही, सासूबाईंनीही नाही. निम्म्यावर गेल्यावर भाऊजी बाहेर आले आणि हात वर करून ओरडले, पुढे येऊ नकोस, तिला शुद्ध नाही, पण आहे. इकडून शेतातच खाली बसणे झाले. भाऊजीही राहुटीच्या दारात बसले. अंधार पडेपर्यंत दोघे तसेच बसून होते.

तिसऱ्या दिवशी गाठ फुटली आणि ताप उतरू लागला. मालतीताईंनी शुद्धीवर येताच पहिली चौकशी केली ती त्यांच्या लोणच्याच्या बरणीची, घरात राहिली की बरोबर आणली. भाऊजींनी हे शेतापलीकडून ओरडून विचारले तेव्हा माळावर लोक हसले, आणि सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

आमच्या पेठेत सगळ्यांच्याच घरी असे झाले नाही. तांबटांच्या गोजरबाई गेल्या. त्या रोज मला दारातून हाक मारून पुढे जात. त्यांच्या घरचे शेवटपर्यंत गावातच राहिले होते.

काल डॉक्टरांनी सांगितले की मालतीताईंना आता सगळ्यांत आणायला हरकत नाही. आज सकाळी त्या निघाल्या. भाऊजींनी उचलून आणतो म्हटले, ते त्यांनी ऐकले नाही. आम्ही सगळे मोठ्या तंबूपुढे ओळीने उभे होतो. आत त्यांच्यासाठी कोरडी जागा, दोन सतरंज्या, वाऱ्याच्या बाजूला कनात, सगळे इकडून मोजून मांडून ठेवणे झाले होते. मालतीताई भाऊजींच्या खांद्याला धरून चालत आल्या. केस गेलेले, अंगावर लुगडे राहत नव्हते. शेताच्या मध्यावर त्यांचे पाय लटपटले आणि त्या ढेकळांत बसल्या. म्हणाल्या, थोडे ऊन खाते.

आम्ही धावलो. पण सगळ्यांच्या आधी सासूबाई पोचल्या, ज्यांना तंबूतून आडापर्यंत जायला माझा हात लागतो. त्या मालतीताईंच्या शेजारी ढेकळांतच बसल्या, त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि कोणालाही उठवू दिले नाही. इकडून सांगणे झाले की आत सर्व तयारी आहे. सासूबाई म्हणाल्या, असू दे.

मग मी भाकऱ्या तिथेच नेल्या. शिवप्पाच्या घरून दही आले. दोन्ही भाऊ एकमेकांच्या पाठीला पाठ टेकून बसले आणि जेवले. आमचे जेवण आज भर उन्हात, उघड्या शेतात झाले, आणि तंबू रिकामा उभा होता.

वहिनींना सांगावे की घोंगड्या मी परत करणार नाही. त्यांचा नि तुमचा जीव आमच्यावर आहे, तो असाच राहू द्यावा.

आपली
अनसूया