नवरीचा मामा

आई, तू सुटलीस आणि मला अडकवून गेलीस. मळ्यातल्याला भाऊ म्हणायचं नाही ही शपथ तुझी, निस्तरायची मात्र मी. तात्यांनी मुलासाठी दुसरी केली, तिला मळ्यात ठेवली, तिथं हा जन्मला. यात त्या पोराचं काय चुकलं? मला अजून तुझं स्वयंपाकघर दिसतं. तो दुधाची किटली घेऊन दारात उभा आहे, मी त्याला भाकरी देतेय, आणि तू चुलीपुढून वळतेस.

"कोण लागतो गं तुझा?"

"कोणी न्हाई."

"मोठ्यानं बोल. त्याला ऐकू जाऊ दे."

भाकरी उंबऱ्यावर ठेवून गेला तो. भाऊबीजेला तू मला अंगणात नेऊन चंद्राला ओवाळायला लावायचीस, बिनभावाच्या बायकांसारखं. समोर मळ्यात त्याच्या घरचा दिवा दिसायचा. तुझ्या मयतीला सरपण त्यानं वाहिलं, अग्नी चुलतभावानं दिला. हा लांब बांधावर उभा.

तू गेल्यावरही मी चंद्रालाच ओवाळत आले. यंदा तुझ्या नातीबरोबर तिच्या पुण्याच्या कॉलेजातली मैत्रीण दिवाळीला आली. आफ्रिकेतली, इग्बो लोकांतली. मोडकं हिंदी बोलायची, अडलं की लेक सांगायची. माझं ओवाळणं बघून म्हणाली, भाऊ नाही? मी तबक उचललं. लेकीनं सगळं सांगून टाकलं. तर ती म्हणते, माझ्याही बापाला दोन बायका. सख्ख्याला आमच्यात न्वान्ने म्हणतात, आईचं लेकरू. दुसरीच्या मुलाला न्वान्ना, बापाचं लेकरू. पण लहानपणी मी तापानं फणफणले तेव्हा त्यानंच पाठीवर घालून दवाखान्यात नेलं. तेव्हापासून त्यालाही न्वान्नेच म्हणते.

"तुझी आई बोलली नाही काही?"

"बोलली ना. अजून बोलते." आणि हसली. लई राग आला मला तिचा.

आता लेकीचं लग्न, कळंबच्या कार्यालयात. भटजी माईकवर ओरडणार, नवरीचे मामा, नवरीला घेऊन या. भावकी म्हणते, चुलतभावाला उभं कर. लेक म्हणते, "मळ्यातला मामा न्यायला आला तरच मी मांडवात येणार. न्हाईतर पावण्यांना जेवू घाल आन् घरी लाव."

हे पत्र टाकायचं तरी कुठं? पेटीतच ठेवते, तुझ्या लुगड्याखाली. तिथं एक नवा फेटाही आहे. चुलतभावासाठी नाही आणलेला. गुरुवारी हळद आहे. तुला काय बोलायचं ते बुधवारपर्यंत बोल.